सोमवारचे आजारी

"दूध उतू चाललं वं!"

गल्लीच्या तोंडाशी कुठल्याशा बाईचा आवाज चढला आणि मनोहरराव पिंपळापुरे मनात म्हणाले, झालं, लागला सुगावा. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत कोणाकडे गाय नव्हती की म्हैस, आणि उतू जाईल एवढं दूध तर सणासुदीलाही कोणाच्या चुलीवर चढत नव्हतं. ती हाळी त्यांच्यासाठीच होती. ती ऐकू आली की घराघरांतले आजारी लगबगीनं खाटेवर जाऊन पडत, कपाळाला फडकं बांधत, आणि बायका उशाशी पाण्याचा गडवा आणून ठेवत.

मनोहरराव विमा योजनेच्या कचेरीत तपासणीस होते. गिरणीतला कामगार आजारी पडला की विम्याच्या दवाखान्यातला डॉक्टर त्याला सर्टिफिकेट देई, आणि त्या सर्टिफिकेटावर त्याला घरी बसल्या पगाराचा काही हिस्सा मिळे. तो माणूस खरोखर आजारी आहे की नाही, हे त्याच्या घरी अचानक जाऊन पाहायचं, एवढीच मनोहररावांची नोकरी. जवानीत लागली ती आता केस पिकले तरी चालू होती. सायकल ते दोन गल्ल्या अलीकडेच लावत. पायात रबरी चपला, म्हणजे आवाज नको. पुढच्या वाटेनं कधी जायचं नाही, आधी कोपऱ्यावर चहा घ्यायचा, शेजाऱ्याशी पाण्याच्या नळाच्या गोष्टी काढायच्या आणि मग हळूच वळायचं. पोरं त्यांना मांजर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं त्यांना जरा कौतुकच वाटे. त्यांचा एक नियम होता. माणूस पाहावा तो त्याला आपण दिसत नसताना. बघणारा समोर असला की कोणीही कण्हतो.

त्या मंगळवारी मात्र हाळीचा काही उपयोग झाला नाही. ज्याच्याकडे ते निघाले होते तो खाटेवर पळायला घरात नव्हताच. तो घराच्या छपरावर उकिडवा बसून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होता. वैशाख सरत आला की नागपुरात घरोघर हे काम निघतं. जुने कवेलू काढायचे, झटकायचे, फुटके वेगळे टाकायचे आणि पावसाआधी पुन्हा नीट बसवायचे. खालून बायको एकेक कवेलू वर देत होती आणि हा गडी भर उन्हात ते झेलत होता.

"रुपराव," मनोहररावांनी खालूनच गोड आवाजात विचारलं, "छातीत दम मावत नाही म्हणे तुमच्या?"

रुपरावच्या हातातला कवेलू हातातच राहिला. गिरणीत कापूस पिंजतात त्या खात्यात तो कामाला होता. अंगानं सडसडीत, पन्नाशीच्या अलीकडचा, भुवयांत कापसाचा धुरळा कायमचा बसलेला.

"आज बरं हाये, साहेब."

"काल संध्याकाळी सर्टिफिकेट घेतलं, अन् आज बरं?"

"काल जीवच चालला होता. छातीवर कोनी जातं ठेवल्यावानी झालं. आज मोकळं वाटून राहिलं, म्हनून म्हटलं पावसाआधी एवढं घर झाकून घ्यावं."

"अन् उद्या?"

"उद्या अजून बरं वाटन. दर हप्त्याले असंच होते. सोमवारी खात्यात गेलो का दुपारपासून धरते."

"सोमवारीच धरते?"

"सोमवारीच," रुपराव सरळपणे म्हणाला.

मनोहरराव हसले. आजारानंसुद्धा वार पाहून यावं आणि तोही नेमका रविवारच्या सुटीनंतरचा, ही गंमत त्यांनी पुष्कळदा पाहिली होती. रुपरावच्या बायकोला, कौसल्येला, ते हसू बरोबर कळलं.

"ते दारूले शिवत नाईत, साहेब," ती म्हणाली. "आमी तर डाक्टरीनबाईले म्हनून राहिलो का यायले गोदामात टाका, पगार कमी द्या, पन त्या धुरळ्यातून काढा. तेवढी एक चिठ्ठी मोठ्या डाक्टरची पाह्यजे. ते कोनी देऊन नाई राहिलं."

"खाली उतरा," मनोहरराव रुपरावला म्हणाले.

तो उतरला. छपराचा अर्धा भाग नीट फेरलेला आणि उरलेला उघडावाघडा, तसंच ते काम राहिलं. मनोहररावांनी अहवालात लिहिलं, आजारी इसम छपरावर आढळला. ह्या वाक्यावर ते दिवसभर खूश होते.

त्यांचा संशय काही कचेरीपुरता नव्हता. महाल भागातल्या त्यांच्या घरी गवळी दूध घालून गेला की ते नखावर एक थेंब घेऊन ओघळतो का पाहत. यमुताई, म्हणजे त्यांची बायको, एखाद्या दिवशी डोकं दुखतं म्हणून पडल्या, तर हे दोनदा कपाळाला हात लावून जात, एकदा सांगून आणि एकदा त्यांचा डोळा लागल्यावर.

"तुमच्या घरात नुसतं आजारी पडून भागत नाही," यमुताई त्या दिवशीही म्हणाल्या. "साक्षीदारही आणावा लागतो."

"सवय आहे गं हाताला," मनोहरराव म्हणाले.

"हाताला असती तर चाललं असतं."

ते आणीबाणीचे दिवस होते. जिकडेतिकडे शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या, गिरणीतली गैरहजेरी हा गुन्हाच समजला जाऊ लागला होता, आणि विम्याच्या कचेरीलाही वरून सारखी विचारणा होत होती की तुमचे कामगार इतके आजारी का पडतात. तेव्हा साहेबांनी एक परिपत्रक काढलं. सोमवारी आजारी पडणाऱ्याला दवाखान्याच्या डॉक्टरनं परस्पर सर्टिफिकेट द्यायचं नाही. त्याला मुख्य कचेरीतल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. मोठे डॉक्टर बसत गुरुवारी. त्यांनी तपासून आजारी म्हटलं तर आजारी, नाहीतर बुडालेल्या दिवसांच्या पैशावर पाणी सोडायचं. परिपत्रकात रुपरावचं नाव नव्हतं, पण छपरावर सापडलेल्या एका आजाऱ्याचा दाखला होता. साहेबांनी मनोहररावांना बोलावून पाठ थोपटली आणि परिपत्रक दवाखान्यात पोचवायचं कामही त्यांच्याकडेच दिलं.

दवाखान्यात नेहमीसारखी दाटी होती. डॉक्टर उत्तरा पांढरीपांडे ह्या एकट्या बाईवर सगळ्या गिरणीवस्तीचा भार. त्यांच्या टेबलासमोर रांग कधी संपत नसे, आणि मान वर न करता जीभ दाखवा, शर्ट वर करा, पुढे चला, असं त्यांचं चाललेलं असे. मनोहररावांचा त्यांच्यावर जुना संशय होता. इतर दवाखान्यांपेक्षा ह्यांची सर्टिफिकेटं जास्त निघत. आणि टेबलाखाली नेहमी एखादी पिशवी असे.

उत्तराबाईंनी परिपत्रक वाचलं आणि रांगेला हातानं थांबवलं.

"म्हणजे सोमवारी माणूस माझ्यासमोर तडफडत असला तरी मी त्याला गुरुवारी जा म्हणायचं?"

"औषध द्यायला मनाई नाही, डॉक्टरबाई. फक्त सर्टिफिकेट नाही."

"औषध घेऊन तो मंगळवारी त्याच खात्यात जाणार. मग औषध कशाला देऊ?" त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "मनोहरराव, मी काही भोळी नाही. माझ्यासमोर रोज नाटकं होतात. बाहेर गप्पा हाणणारा आत येऊन कमरेत वाकतो. पण खरा कोण अन् खोटा कोण हे कळायला छाती ऐकावी लागते, अन् छाती ऐकायला वेळ लागतो. तुम्ही लोक मला माणसं देता, वेळ देत नाही. वरून विचारता, सर्टिफिकेटं इतकी काहून झाली."

मनोहररावांचं लक्ष टेबलाखालच्या पिशवीकडे गेलं. उत्तराबाईंनी ते पाहिलं. पिशवी उचलून त्यांनी टेबलावर परिपत्रकाच्या शेजारी ठेवली.

"अंबाडीची भाजी आहे. रुपरावच्या बायकोनं आणली. नाही म्हटलं तर रडायला लागली. लिहा तुमच्या अहवालात."

त्यांनी लिहिलं नाही. पण मनात ठेवलं.

पुढे महिना-दीड महिना दर सोमवारी रुपराव दवाखान्यात येई आणि दर गुरुवारी कचेरीच्या बाकावर बसलेला दिसे. मोठे डॉक्टर वयस्क, अनुभवी, चांगला माणूस. ते खरोखर नळी लावून दोन्ही बाजूंनी छाती ऐकत, पाठ ठोकून पाहत आणि लिहीत, छाती साफ, कामास योग्य. गोदामाची चिठ्ठी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मधले दिवस बिनपगारी जात. मग रुपरावनं गुरुवारी येणंच सोडलं. सोमवारी धरलं तरी तो खात्यातच राही. कचेरीत साहेब म्हणाले, पाहा, परिपत्रक निघालं अन् आजार पळाला.

मनोहररावांना मात्र चैन पडेना. चोर सापडला म्हणजे त्यांना बरं वाटे, आणि हा पुरता सापडला नव्हता. त्यांना त्याचं रविवारचं गुपित हवं होतं. म्हणून एका रविवारी ते सुटी असून सायकल काढून निघाले. यमुताईंनी विचारलं, तर भाजीला जातो म्हणाले, आणि पिशवी घ्यायला विसरले.

गल्लीमागच्या मारुतीच्या पारावर भजन चाललं होतं. मनोहरराव लिंबाच्या झाडाआड उभे राहिले. रुपराव खंजिरी घेऊन मधोमध बसला होता आणि असा गात होता की मागची माणसं नुसती साथीला उरली होती. वरची पट्टी तो सहज धरी आणि सोडायचं नाव घेत नसे. सगळे थकले तरी त्याचा दम संपेना. हाच तो दम न मावणारा माणूस. मनोहररावांनी सायकलवर टांग टाकली तेव्हा त्यांना अगदी हलकं वाटत होतं. उद्या संध्याकाळी गिरणीच्या फाटकावर याला शेवटचा पाहायचा आणि विषय मिटवायचा, असं त्यांनी ठरवलं.

गिरणीतून वस्तीकडे जायला रेल्वेवरचा लोखंडी जिन्याचा पूल होता. सोमवारी भोंगा झाला तेव्हा मनोहरराव पुलावर एका खांबाच्या आडोशाला उभे होते. खाली फाटकातून माणसं सुटली. विणकामाच्या खात्यातली पोरं जिने चढून धडधड पलीकडे गेलीसुद्धा. त्यांच्या मागून पिंजणखात्यातली माणसं आली, केसांपासून पायांपर्यंत पांढरी.

रुपराव चार पायऱ्या चढला आणि कठडा धरून उभा राहिला. मग आणखी थोड्या चढला, आणि पुन्हा उभा. त्याचं तोंड उघडं होतं. खांदे कानांपर्यंत वर येत आणि खाली पडत. डोळे समोर होते, पण ते काही पाहत नव्हते. मनोहरराव वाट पाहत होते की तो आता इकडेतिकडे बघेल. नाटक करणारा मधूनमधून बघतोच, आपल्याकडे कोणाचं लक्ष आहे की नाही ते. हा बघत नव्हता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जिन्यावर हा एकटा नाही. त्याच्या वर एक म्हातारा कठड्यावर कपाळ टेकून होता. खाली एक जवान माणूस पायरीवरच बसला होता, बूट बांधतोय असं दाखवत, आणि त्याच्या पायात बूट नव्हते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एकानं दुसऱ्याकडे पाहू नये, असा जणू त्यांचा आपसांतला रिवाज होता. सगळे आपापला श्वास गोळा करत होते.

कोणी आपल्याला पाहतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणजे हे नाटक नव्हतं. मनोहररावांचा आयुष्यभराचा नियम असा अंगावर आला आणि त्यांना खांबाआडून बाहेर पडवेना. रुपराव त्यांच्या अगदी जवळून गेला. त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. ती मनोहररावांना नळी न लावता ऐकू आली.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. यमुताईंनी न सांगता त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत ते उत्तराबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसले आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. पिंजणखात्यातलेच तेवढे थांबत होते, हेही सांगितलं. उत्तराबाई ऐकत होत्या. हातातलं पेन त्यांनी टोपण लावून खाली ठेवलं.

"रविवारी गात होता म्हणालात?"

"खणखणीत."

"अन् सोमवारी संध्याकाळी ही दशा. मंगळवारी छपरावर." त्यांनी वार बोटांवर मोजले. "कॉलेजात एकदा ऐकलं होतं. विलायतेतल्या कापसाच्या गिरण्यांत असा एक आजार असतो म्हणून. रोज धुरळा खाऊन शरीर कसंबसं निभावतं, मधे एक दिवस सुटी पडली की सैल होतं, अन् सोमवारी पुन्हा धुरळा गेला की आवळतं. आमचे सर म्हणाले होते, हे परीक्षेत येत नाही, पुढे चला. मी पण पुढे गेले."

"म्हणजे त्याला सोमवारीच..."

"सोमवारीच. अन् आपण त्याला गुरुवारी तपासतो." त्या हसल्या, पण ते हसू त्यांना आवरतं घ्यावं लागलं. "तोवर घरी बसून छाती साफ होते. मोठे डॉक्टर खोटं लिहीत नाहीत हो, त्यांना ऐकू येतं तेच लिहितात. तुम्हीही खोटं लिहिलं नाही. तो छपरावर होताच."

ह्याहून कडू बोल मनोहररावांना आजवर कोणी ऐकवला नव्हता, आणि त्यात रागाचा शब्द एकही नव्हता.

पुढच्या सोमवारी दवाखान्याची रांग तशीच टाकून उत्तराबाई पुलावर आल्या. रांगेतले लोक मागून बोंब मारत राहिले. जिन्यावरच त्यांनी रुपरावला कठड्याशी उभं केलं आणि नळी लावली. त्याला वाटलं, ही नवी चौकशी. तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी सर्टिफिकीट मांगून नाई राहिलो. कामावरूनच येऊन राहिलो मी."

"बोलू नका. श्वास घ्या," उत्तराबाई म्हणाल्या. "पुन्हा घ्या." मग त्या वरच्या म्हाताऱ्याकडे वळल्या, मग खालच्या जवानाकडे. परत आल्या तेव्हा त्यांचे हात पांढरे झाले होते.

त्याच संध्याकाळी परिपत्रक धुडकावून त्यांनी रुपरावला सर्टिफिकेट दिलं आणि त्याला धुरळ्याबाहेर काढावं, असं खाली लिहिलं. मनोहररावांनी आपला अहवाल जोडला. छपरावरच्या आपल्या जुन्या वाक्याचा अर्थ आपण चुकीचा लावला होता, हेही त्यात लिहिलं. असं वाक्य त्यांनी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं. ते खोडून खोडून लिहावं लागलं.

साहेबांनी दोन्ही कागद वाचून बाजूला ठेवले.

"पिंपळापुरे, तुम्ही पण?"

"मी डोळ्यांनी पाहिलं, साहेब."

"डॉक्टरीणबाईंना भाजी मिळते म्हणतात. तुम्हाला काय मिळून राहिलं?"

अंबाडीचं मनोहररावांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे दवाखान्यावर त्यांच्यासारखंच आणखी कोणी तरी नजर ठेवून होतं. "मोठ्या डॉक्टरांनी एकदा सोमवारी बसावं, साहेब," ते कसेबसे म्हणाले. "एकच सोमवार."

"मोठ्या डॉक्टरांचा वार ठरलेला आहे," साहेब म्हणाले.

रुपरावला गुरुवारी बोलावणं गेलं. छाती साफ. कामास योग्य. उत्तराबाईंची बदली खापरखेड्याकडे झाली. जाताना त्यांनी दवाखान्यात पेढे वाटले नाहीत की निरोपसमारंभ घेतला नाही. नव्या डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून परिपत्रक पाळलं, आणि त्यांची सर्टिफिकेटं अगदी बेतात निघू लागली. मनोहररावांना पुढे काही दिवस आपल्या मागं एक सायकल असल्याचं जाणवे. चहाच्या टपरीवर थांबले की तीही थांबे. एकदा त्यांनी वळून पाहिलं, तर नव्यानं लागलेला एक तपासणीस दुसरीकडे पाहत पान खात होता. पायात रबरी चपला होत्या.

आणीबाणी उठली. पाट्या निघाल्या. सोमवारचं परिपत्रक तेवढं कोणाला आठवलं नाही, म्हणून ते राहिलं.

पुन्हा वैशाख आला तेव्हा भेटीच्या यादीत रुपरावचं नाव आलं. दीर्घ मुदतीचा आजारी, मोठ्या डॉक्टरांनी मंजूर केलेला. मनोहररावांनी सायकल ह्या वेळी गल्लीच्या तोंडातून सरळ आत घातली आणि घंटी वाजवली.

"दूध उतू चाललं वं!" सवयीनं कोणीतरी ओरडलं.

कौसल्या दारातच होती. "राहू दे वं," ती त्या आवाजाच्या दिशेनं म्हणाली. "इथं आता कोनाले झोपवा लागत नाई."

रुपराव खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला गुदमरत असे. भुवयांतला धुरळा गेला होता, आणि त्याच्याबरोबर ओळखीचा चेहराही. त्यानं उठायचा प्रयत्न केला नाही.

"या, साहेब. पाहून घ्या. खाटेवर पडेलच हावो."

"मी तपासायला नाही आलो, रुपराव."

"आता मोठे डाक्टर लगेच मंजूर करतात." तो थांबून थांबून बोलत होता. दोन शब्दांच्या मधे त्याला उसंत घ्यावी लागे. "गुरुवारी गेलो, गुरुवारीबी धरूनच होतं. आता माहे सातही वार सोमवारच होऊन राहिले."

गोदामाची चिठ्ठीही मिळाली होती. कौसल्येनं ती देवाच्या फळीवर ठेवली होती. गिरणीच्या गोदामापर्यंत चालत जाणं आता त्याला जमणार नव्हतं.

मनोहररावांनी वर पाहिलं. छपराचा अर्धा भाग नीट बसलेला होता आणि उरलेल्यातून ठिकठिकाणी आभाळ दिसत होतं. मागचा पावसाळा ह्या लोकांनी खाट इकडून तिकडे सरकवत काढला असणार, हे भिंतीवरच्या ओघळांवरून दिसत होतं.

"हे तेव्हापासून तसंच आहे?"

"मग काय करतील जी," कौसल्या म्हणाली. "तुमी उतरवलं तवापासून छपरावर गेलेच नाईत. बरं वाटे तवाबी खाटेवर पडून राहत. कोनी पाह्यलं तर पुन्हा लिहून नेतील म्हनत."

मनोहररावांनी चपला काढल्या. शिडी मागच्या भिंतीला लावलेलीच होती. कौसल्या नको नको म्हणत असताना ते धोतराचा काचा मारून चढले. आयुष्यात ते कधी छपरावर चढले नव्हते. कवेलू तव्यासारखे तापले होते आणि हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. पण खालून रुपराव सांगत होता, तुटक तुटक, आणि फटीतून त्याचा आवाज नीट पोचत होता.

"तो फुटका हाये... बाजूले टाका. खालचा आधी... मग त्याच्यावर पालथा."

"असा?"

"जरा वर घ्या. हं."

कौसल्या कवेलू झटकून एकेक वर देत होती. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. पोरं माना वर करून बघत होती, आणि त्यांच्यापैकी एकानंही मांजर म्हटलं नाही. कचेरीची वेळ कधीच टळून गेली होती. गल्लीच्या तोंडाशी एक सायकल येऊन थांबली आणि तिच्यावरचा माणूस पान चघळत वर पाहू लागला. मनोहररावांनी त्याला पाहिलं आणि पुढचा कवेलू मागितला.

उन्हं कलली तेव्हा एकच जागा उघडी उरली होती, खाटेच्या बरोबर वर. तिच्यातून उन्हाचा एक तुकडा खाली रुपरावच्या छातीवर पडला होता, आणि छातीबरोबर भराभर वरखाली होत होता. मनोहररावांनी कित्येक आजारी दारातून, खिडकीतून, कुडाच्या फटीतून पाहिले होते. असं वरून पाहताना त्यांना स्वतःची लाज वाटली. रुपराव मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होता.

"लावा, साहेब," तो म्हणाला. "डोळ्यावर ऊन येते."

त्यांनी कवेलू बसवला. आत अंधार झाला. खालून ती बारीक शिट्टी मात्र ऐकू येत राहिली, आणि मनोहरराव हात तसाच कवेलूवर ठेवून बसून राहिले.

"झालं जी, उतरा आता," कौसल्येनं खालून शिडी धरली.